नौका आपली, आराखडा कोणाचा?

३० डिसेंबर २०२४ रोजी संरक्षण मंत्रालयाने मुंबईच्या माझगाव डॉकशी सुमारे १,९९० कोटी रुपयांचा एक करार केला. संरक्षणविषयक करारांच्या गर्दीत सामान्य वाचकाच्या तो फारसा ध्यानात राहिला नसेल. आपल्या पाणबुड्यांच्या पोटात एक नवा भाग बसविण्याचा हा करार आहे. त्या भागातील ऊर्जासंयंत्राचा जन्म पॅरिसमध्ये झालेला नाही की बर्लिनमध्येही नाही; तो अंबरनाथला झाला आहे. शीळ-बदलापूर मार्गालगतच्या नौदल पदार्थ संशोधन प्रयोगशाळेसमोरून रोज हजारो माणसे रिक्षाने आणि बसने ये-जा करतात, पण भिंतीपलीकडे काय घडते याची त्यांतल्या फार थोड्यांना कल्पना असते. संरक्षण संशोधनाला गोपनीयता हवीच. तथापि जे जाहीर झाले आहे तेही आपल्या माणसांना ठाऊक नसावे, ही गोपनीयता नव्हे, अनास्था आहे.

ही प्रयोगशाळा १९५३ साली मुंबईच्या नौदल गोदीत एक लहानसे रासायनिक व धातुविषयक केंद्र म्हणून सुरू झाली. पुढे ती संरक्षण संशोधन व विकास संस्थेकडे आली आणि कालांतराने अंबरनाथला स्थिरावली. जहाजाच्या तळाला शेवाळ आणि शिंपले चिकटू न देणारे रंग, खाऱ्या पाण्याने पोलाद गंजू नये म्हणून करावयाची विद्युत-व्यवस्था, आवाज दाबून टाकणारे रबर असे वरकरणी नीरस वाटणारे विषय हा तिचा संसार. याच संसारातून इंधन घटाची विद्या उभी राहिली.

डिझेल-विद्युत पाणबुडीचे मोठे दुबळेपण असे की तिच्या बॅटऱ्या संपत आल्या की तिला पृष्ठभागाजवळ यावे लागते, नळी वर काढून हवा घ्यावी लागते आणि डिझेल इंजिने चालवावी लागतात. शत्रूचे टेहळणी विमान नेमक्या याच क्षणाची वाट पाहत असते. बाहेरच्या हवेवाचून वीज निर्माण करता आली तर पाणबुडीचे पाण्याखालचे वास्तव्य कित्येक पटींनी वाढते. अंबरनाथच्या शास्त्रज्ञांनी फॉस्फरिक आम्लावर आधारित इंधन घट विकसित केला. त्याला लागणारा हायड्रोजन पाणबुडीतच तयार होतो. तो टाक्यांत भरून नेण्याचा धोका पत्करावा लागत नाही. वापरानंतर उरते ते पाणी. लार्सन अँड टुब्रो आणि पुण्याची थरमॅक्स या उद्योगांच्या सहकार्याने उभारलेल्या या संयंत्राच्या जमिनीवरील प्रतिरूपाची ८ मार्च २०२१ रोजी यशस्वी चाचणी झाली. ते प्रतिरूप पाणबुडीतील जागेच्या मापातच बांधलेले होते. पाकिस्तानकडे अशी व्यवस्था असलेली ‘हमझा’ ही पाणबुडी २००८ पासून आहे, फ्रेंच बनावटीची. उशीर आपल्याला झाला हे खरे. परंतु जे मिळवले ते विकत घेतलेले नाही.

येथवरची कथा अभिमानाची आहे आणि अशा लेखणीने तेथेच थांबण्याचा मोह होणे स्वाभाविक आहे. परंतु खरा प्रश्न याच्या पुढे सुरू होतो. संयंत्र आपले, पण ते ज्या पाणबुडीत बसवायचे ती ‘कलवरी’ वर्गातील पाणबुडी मूळ फ्रेंच आराखड्याची आहे. पाणबुडी कापायची, मध्ये नवा भाग घालायचा आणि पुन्हा सांधायची, ही शस्त्रक्रिया आहे. नव्या भागाचे वजन आणि तो बाजूला सारील त्या पाण्याचे वजन यांचा मेळ बसला पाहिजे, गुरुत्वमध्य हलता कामा नये, शेकडो नळ्या आणि केबली दोन्ही बाजूंना जशाच्या तशा जुळल्या पाहिजेत. यासाठी मूळ पाणबुडीचे संपूर्ण संगणकीय प्रतिरूप हाताशी हवे. जानेवारी २०२३ मध्ये अंबरनाथच्या प्रयोगशाळेने फ्रान्सच्या नेव्हल ग्रुपशी करार केला तो याचसाठी. भारतीय रचना पाणबुडीच्या सुरक्षेच्या निकषांत बसते की नाही, हे मूळ आरेखनकर्त्याने तपासून द्यायचे होते. त्यात गैर काही नाही. शहाणा माणूस घराची भिंत फोडण्याआधी घर बांधणाऱ्याला विचारतोच. मात्र घर आपले, पैसा आपला, नवी खोली आपल्या गवंड्याने बांधलेली, आणि नकाशा तेवढा दुसऱ्याच्या कपाटात, ही स्थिती किती काळ चालवून घ्यायची, हा विचार कधीतरी करावाच लागेल.

नकाशा या शब्दाने आज वाचकांची फसगत होण्याचा संभव आहे. पूर्वी गोदीत एक विस्तीर्ण लाकडी तक्तपोशीची जागा असे. जहाजाच्या वक्ररेषा तेथे प्रत्यक्ष मापात जमिनीवर आखल्या जात आणि त्यावरून लाकडी साचे कापले जात. मुंबईच्या वाडिया घराण्याने ज्या काळात इंग्लंडच्या आरमारासाठी सागवानी जहाजे बांधली त्या काळापासून विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत जगभर थोड्याफार फरकाने हीच रीत होती. १८१७ मध्ये मुंबईत बांधलेले ‘ट्रिंकोमाली’ हे जहाज आजही इंग्लंडमध्ये हार्टलपूल येथे पाण्यावर उभे आहे, हे त्या कारागिरीचे प्रमाणपत्र. आज ती तक्तपोशी संगणकात गेली आहे. पण केवळ कागदाच्या जागी पडदा आला, एवढाच हा बदल नाही. खोळ, सांगाडा, नळ्या, केबली, वातानुकूलनाचे मार्ग, यंत्रे आणि शस्त्रे हे सारे एकाच त्रिमित प्रतिरूपात गुंफलेले असते. एका अभियंत्याने पंप चार बोटे सरकवला की त्याच्या नळीची लांबी बदलते, आधाराची कंस-पट्टी बदलते, वजनाची बेरीज बदलते, खरेदीची यादी बदलते आणि पत्रा कापणाऱ्या यंत्राकडे जाणारी आज्ञाही बदलते. नळी जर केबलच्या वाटेत आडवी येत असेल तर ती टक्कर पोलाद कापण्यापूर्वीच पडद्यावर दिसते. पुढे जहाज नौदलाच्या सेवेत गेल्यावरही हे प्रतिरूप त्याच्या सोबत राहते. कोणता झडपा केव्हा बदलला, कोठे पत्रा पातळ झाला याच्या नोंदी त्यात होत राहतात. चाळीस वर्षे जगणाऱ्या युद्धनौकेची ती जणू जन्मपत्रिका आणि वैद्यकीय नोंदवही एकत्र.

आपण या विद्येत मागे आहोत असे मात्र कोणी समजू नये. नौदलाचा आरेखन विभाग हे या देशातील स्वदेशीचे एक अत्यंत दुर्लक्षित पण तेजस्वी प्रकरण आहे. २ सप्टेंबर २०२२ रोजी सेवेत आलेली ‘विक्रांत’ कोचीन येथे बांधली गेली. विमानवाहू नौकेच्या आकाराचे जहाज संपूर्णपणे त्रिमित प्रतिरूपात उभे करून त्यावरूनच बांधणीची रेखाचित्रे काढण्याची ती देशातील पहिली वेळ होती. त्या नौकेत सुमारे २,३०० कक्ष आहेत. कागदावर त्यांचा मेळ घालण्याची कल्पनाच करवत नाही. माझगाव डॉकमध्ये ‘निलगिरी’ वर्गातील फ्रिगेटी आधी स्वतंत्र खंडांत, नळ्या-केबलींसह सजवून, मग एकमेकांना जोडून बांधण्यात आल्या. पहिल्या ‘निलगिरी’ला ९३ महिने लागले, तर नोव्हेंबर २०२५ मध्ये नौदलाच्या हाती आलेल्या ‘तारागिरी’ला ८१. हे सारे श्रेय संगणकाचे नव्हे. ते अनुभवाचे आणि वेल्डिंग करणाऱ्या हातांचेही आहे. पण खंड वेगवेगळ्या जागी बांधायचे आणि जोडताना त्यांच्या नळ्या एका रेषेत यायच्या, हे सर्वांसमोर एकच प्रतिरूप असल्यावाचून साधत नाही.

‘एकच’ या शब्दावर भर देण्याचे कारण युरोपातील एका प्रसंगाने दिले आहे. एअरबस कंपनीच्या ए-३८० या महाकाय विमानाचे जर्मनीतील हॅम्बर्गचे अभियंते संगणकप्रणालीची जुनी आवृत्ती वापरत होते आणि फ्रान्समधील तुलूझचे अभियंते नवी. दोघांची माहिती एकमेकांत नीट उतरली नाही. प्रत्येक विमानात सुमारे ५०० किलोमीटर तारा. हॅम्बर्गहून आलेल्या तारांचे जुडगे तुलूझला विमानात बसवू लागले तेव्हा ते आखूड पडले. २००६ मध्ये हे उघड झाले, विमाने दोन वर्षे लांबली आणि कंपनीच्या प्रमुखांना पायउतार व्हावे लागले. स्पेनची एस-८० पाणबुडी त्याहून बोधप्रद. २०१३ मध्ये असे आढळले की ती ठरल्यापेक्षा ७५ ते १०० टनांनी जड झाली आहे. बुडी मारली तर वर येईलच याची खात्री देता येईना. त्या वेळी प्रसिद्ध झालेल्या वृत्तांनुसार कोणाकडून तरी दशांशचिन्ह चुकीच्या जागी पडले होते. अखेर पाणबुडीची लांबी वाढवावी लागली आणि पहिली नौका स्पेनच्या नौदलाला मिळाली ती २०२३ च्या नोव्हेंबरात. साधने उत्तम असून चालत नाही. ती एकमेकांशी खरे बोलणारी असावी लागतात.

आता मूळ प्रश्नाकडे. ज्या संगणकप्रणालींवर ही सारी कामे होतात त्या कोणाच्या? फ्रान्स, जर्मनी, ब्रिटन, स्पेन, फिनलंड. यांत भारताचे नाव नाही. ज्या देशाचे तरुण जगभरच्या कंपन्यांसाठी संगणकप्रणाली लिहितात, त्या देशाच्या युद्धनौका परक्यांच्या परवान्यावर आरेखिल्या जातात! यावर एक उत्तर ठरलेले असते. अमेरिकेनेही आपल्या ‘व्हर्जिनिया’ वर्गाच्या अणुपाणबुड्यांसाठी फ्रेंच प्रणालीच वापरली. मग आपणच उगाच का शंकाकुल व्हावे? युक्तिवाद दिसतो तितका भक्कम नाही. अमेरिका आणि फ्रान्स हे एकाच लष्करी युतीचे सदस्य आहेत आणि अमेरिकेचा परवाना रोखण्याची हिंमत कोणी करील, असे संभवत नाही. भारताचा अनुभव वेगळा आहे. महासंगणक नाकारला गेला तेव्हा पुण्यात १९८८ साली सी-डॅकची स्थापना झाली आणि डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली १९९१ मध्ये ‘परम’ उभा राहिला. १९९८ च्या अणुचाचण्यांनंतर हलक्या लढाऊ विमानाच्या कामासाठी अमेरिकेत असलेल्या आपल्या अभियंत्यांना परत पाठवण्यात आले.

या झाल्या जुन्या गोष्टी, असे ज्यांना वाटत असेल त्यांनी जुलै २०२५ आठवावा. गुजरातेतील वाडीनार येथे मोठा तेलशुद्धीकरण कारखाना चालवणाऱ्या नायरा एनर्जीवर युरोपीय संघाने निर्बंध लादले, कारण तिच्यात रशियाच्या रोसनेफ्टची ४९ टक्क्यांहून अधिक भागीदारी आहे. भारताने किंवा संयुक्त राष्ट्रांनी असा कोणताही निर्बंध घातलेला नव्हता. तरीही मायक्रोसॉफ्टने तिच्या सेवा बंद केल्या. कंपनीची स्वतःची पत्रे आणि स्वतःची माहिती तिलाच दिसेना. प्रकरण दिल्ली उच्च न्यायालयात गेले आणि त्यानंतर सेवा पूर्ववत झाल्या. तेल कंपनीला न्यायालयात जाण्याइतकी उसंत असते. युद्धाच्या तोंडावर दुरुस्तीला आलेल्या पाणबुडीला ती नसते.

दुसरा धोका चोरीचा. ऑगस्ट २०१६ मध्ये ऑस्ट्रेलियातील एका वृत्तपत्राने आपल्या स्कॉर्पीन पाणबुड्यांसंबंधीची २२,४०० पानांची माहिती बाहेर फुटल्याचे प्रसिद्ध केले. फूट भारतात नव्हे, तर परदेशात झाली होती. एकेकाळी इतकी कागदपत्रे चोरायला ट्रक लागला असता. आज ती बोटाएवढ्या वस्तूत मावतात. जोडलेल्या साधनांचा लाभ हाच त्यांचा धोका आहे: सारे एका ठिकाणी असते, म्हणून सारे एका वेळी जाऊ शकते.

या प्रसंगी एक इतिहास येथल्याच मातीतला आठवतो, आणि तो उल्हासनगरपासून हाकेच्या अंतरावर घडलेला आहे. १६५७ मध्ये छत्रपती शिवाजी महाराजांनी कल्याण-भिवंडी घेतली आणि उल्हासच्या खाडीकाठी लढाऊ नौकांची बांधणी सुरू केली. नौकाशास्त्र जाणणारे पोर्तुगीज कारागीर त्यांनी पदरी ठेवले. रुय लैतांव व्हियेगस हा त्यांचा म्होरक्या. १६५९ मध्ये पोर्तुगीज सत्तेच्या चिथावणीने तो आणि त्याची तीनशेहून अधिक माणसे काम अर्धवट टाकून निघून गेली. परवाना रद्द होणे ते हेच! महाराजांनी जहाजबांधणी थांबवली नाही. कोकणातील स्थानिक हातांनी आरमार उभे केले आणि थोड्याच वर्षांत सिंधुदुर्गाच्या पायाचे दगड समुद्रात पडले. २०२२ मध्ये नौदलाच्या ध्वजावर शिवमुद्रेचा अष्टकोन आला, तेव्हा या खाडीकाठाची आठवण कोणी काढल्याचे स्मरत नाही.

तर मग करायचे काय? उद्या सकाळी परकी प्रणाली फेकून द्या, असे म्हणणे हा देशभक्तीचा आव झाला. त्या प्रणालींमागे चार-पाच दशकांचे गणित आणि अब्जावधींची गुंतवणूक आहे. चालू बांधणी थांबवून प्रयोग करणे नौदलाला परवडणारे नाही. पण काही कड्या आपण नक्कीच घडवू शकतो. तेजस विमानाच्या पंखांसाठी आपल्या अभियंत्यांनी लिहिलेल्या ‘ऑटोले’ या प्रणालीचा परवाना दस्तुरखुद्द एअरबसने घेतला. राष्ट्रीय सूचना-विज्ञान केंद्राची ‘कोलॅबकॅड’ ही त्रिमित आरेखन प्रणाली आज शाळांतील अटल टिंकरिंग प्रयोगशाळांत पोहोचली आहे. २०२३ मध्ये संरक्षण मंत्रालयाने आपल्या संगणकांसाठी विंडोजऐवजी ‘माया’ ही देशी कार्यप्रणाली स्वीकारण्याचा निर्णय घेतला. सुरुवात माहितीच्या स्वामित्वापासून करता येईल. प्रत्येक नव्या करारात प्रतिरूपाची संपूर्ण प्रत, आणि तीही कोणत्याही प्रणालीत उघडता येईल अशा खुल्या स्वरूपात, भारताच्या हाती आलीच पाहिजे, ही अट किमतीइतकीच महत्त्वाची मानली जावी. वाटाघाटींच्या मेजावर आपले लोक किमतीसाठी महिनोन्‌महिने घासाघीस करतात आणि माहितीच्या हक्काचे कलम मात्र परिशिष्टात जाऊन बसते.

आणि मग येतात आपली अंबरनाथ, उल्हासनगर, बदलापूर. आयुध निर्माणी आणि यंत्र-नमुना कारखाना यांच्या सावलीत अंबरनाथची दोन-तीन पिढ्यांची टर्नर-फिटरांची परंपरा वाढली. २०२१ च्या फेररचनेत हे दोन कारखाने दोन वेगळ्या सरकारी कंपन्यांत विभागले गेले. शेजारी-शेजारी नांदणाऱ्या दोन भावांची वाटणी झाल्यासारखे. उल्हासनगर फाळणीच्या राखेतून उठले. ‘काहीही बनवून देतो’ ही त्या शहराची ख्याती, आणि तिची जेवढी चेष्टा झाली तेवढी कदर झाली नाही. बदलापूरकरांनी जुलै २०१९ मध्ये पुरात अडकलेल्या महालक्ष्मी एक्स्प्रेसच्या हजाराहून अधिक प्रवाशांच्या मदतीला नौदलाची पथके आलेली पाहिली. नौदलाशी त्यांचा संबंध बहुधा तेवढाच. वास्तविक युद्धनौकेला लागणारे कंस, झडपा, जोड, रबरी आवरणे अशा असंख्य वस्तू लहान कारखान्यांतच बनतात आणि बनाव्यात.

अडचण अशी की गोदीत जोडलेले ते प्रतिरूप गोदीच्या फाटकाशी येऊन थांबते. लहान कारखानदाराच्या हाती पडते ते कागदावरचे किंवा त्याच तोलाचे सपाट रेखाचित्र. तो ते पुन्हा आपल्या संगणकात उतरवतो, तेथे चूक शिरते. दरम्यान मूळ रेखाचित्र बदललेले असते आणि त्याला ते माल परत आल्यावर कळते. आरेखन प्रणालीचा अधिकृत परवाना लाखांत जातो. दहा-बारा कामगारांच्या कारखान्याला तो झेपत नाही. मग कोठे चोरटी प्रत वापरली जाते, आणि चोरट्या प्रतीवर संरक्षणाचे काम देणे म्हणजे घराची किल्ली पायपुसण्याखाली ठेवणे. केंद्राच्या लघुउद्योग समूह विकास योजनेत सामायिक सुविधा केंद्रांची तरतूद आहे. अतिरिक्त अंबरनाथ औद्योगिक क्षेत्रात असे एक केंद्र या कामासाठी उभे राहिले, तेथे सामायिक परवाने, बाहेरच्या जाळ्याशी न जोडलेले सुरक्षित संगणक, मोजमापाचे अचूक यंत्र आणि गोदीशी थेट दुवा असला, तर पन्नास कारखान्यांना मिळून तो खर्च जड जाणार नाही. औद्योगिक प्रशिक्षण संस्थेतील मुलांना लेथबरोबर प्रतिरूप वाचायला शिकवणे हा त्याचाच पुढचा भाग.

माणसांचा विसर पडला की काय होते, हे माझगावने एकदा सोसले आहे. ‘शल्की’ आणि ‘शंकुल’ या दोन पाणबुड्या तेथे जर्मन साहाय्याने बांधल्या गेल्या. दुसरी १९९४ मध्ये सेवेत आली. मग एचडीडब्ल्यू व्यवहारावरील आरोपांच्या धुराळ्यात पुढचे काम थांबले ते थांबलेच. मुंबईत बांधलेली त्यानंतरची पाणबुडी, ‘कलवरी’, नौदलात आली डिसेंबर २०१७ मध्ये. मधल्या तेवीस वर्षांत पाणबुडीचे पोलाद सांधणारे हात पांगले, निवृत्त झाले, परदेशी गेले, आणि ती विद्या पुन्हा पैसे मोजून शिकावी लागली. ‘कलवरी’ वर्गातील सहावी ‘वागशीर’ १५ जानेवारी २०२५ रोजी सेवेत दाखल झाली आहे. आता या पाणबुड्या मोठ्या दुरुस्तीसाठी एकेक करून गोदीत येतील, तेव्हा अंबरनाथचे संयंत्र त्यांत बसवण्याची संधी मिळत जाईल. या कामातून सुमारे तीन लाख मनुष्यदिवसांचा रोजगार निर्माण होईल, असे सरकारनेच जाहीर केले आहे. त्यांतले किती दिवस कल्याणपलीकडच्या या तीन शहरांच्या वाट्याला येणार, आणि पहिली पाणबुडी कापली जाईल तेव्हा तिच्या प्रतिरूपाची शेवटची सुधारित प्रत मुंबईच्या गोदीतील संगणकात असेल की फ्रान्समधल्या, याचे उत्तर संरक्षण मंत्रालयाने आणि माझगाव डॉकने त्या दुरुस्त्यांची वेळापत्रके निश्चित करतानाच द्यावयाचे आहे.